व्यापारी रस्त्याचे सुशोभीकरण आणि त्याचे चैतन्य : दादाभाई नौरोजी मार्गाच्या प्रयोगाची समीक्षा व उमरग्यासारख्या गावांचा संदर्भ

प्रस्तावना

सोलापूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या महामार्गाच्या कडेने उमरगा हे तालुक्याचे गाव वाढले. हा मार्ग पूर्वी राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ९ म्हणून ओळखला जाई. २०१० च्या पुनर्क्रमांकनानंतर त्याला ६५ हा क्रमांक मिळाला. कर्नाटकातील आळंद आणि बसवकल्याण हे तालुके येथून जवळ आहेत. निजामी अमलाखालील हैदराबाद संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला. या साऱ्या स्थित्यंतरांत अशा गावांची मुख्य बाजारपेठ रस्त्यालगतच राहिली. भुसार व आडत दुकाने, कापडाची पेठ, सराफी, औषधांची दुकाने, खानावळी आणि हातगाडे यांनी तयार झालेला व्यापारी रस्ता हा तालुक्याच्या गावाचा आर्थिक कणा होय.

असे रस्ते आता जुने झाले आहेत. वरच्या मजल्यांची पडझड, मूळ दर्शनी भाग झाकून टाकणारे फलक, लोंबणाऱ्या तारा, तुंबलेली गटारे आणि चालण्यास जागा नसणे ही लक्षणे महाराष्ट्रातील बहुतेक नगरपरिषदांच्या गावांत दिसतात. त्यावर योजला जाणारा उपायही सर्वत्र सारखाच असतो. फरशीचे ठोकळे, दुभाजक, उंच खांबावरचे दिवे, प्रवेशाची कमान आणि रंगरंगोटी यांचे अंदाजपत्रक तयार होते आणि त्यास ‘सुशोभीकरण’ असे नाव दिले जाते. या उपायाने रस्ता पुन्हा नांदता होतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी मुंबईतील दादाभाई नौरोजी मार्गाच्या बहुचर्चित प्रयोगाची समीक्षा करून, त्यातील कोणता भाग उमरग्यासारख्या गावास उपयोगी आहे आणि कोणता नाही, याचा ऊहापोह येथे केला आहे.

‘सुशोभीकरण’ या संकल्पनेची मर्यादा

जुन्या बाजाररस्त्यास नवे रूप देण्याचा विचार नवा नाही. इंग्लंडमधील नॉरिच शहरात १९५९ साली मॅग्डालेन स्ट्रीट या रस्त्यावर सिव्हिक ट्रस्ट या संस्थेने असा प्रयोग केला. दुकानदारांना एकत्र आणून दर्शनी भाग एका रंगसंगतीत रंगविण्यात आले, अनावश्यक फलक व खांब काढून टाकण्यात आले. हा प्रयोग इंग्लंडमधील अनेक गावांनी अनुकरणीय मानला. परंतु १९७० च्या दशकाच्या आरंभी याच रस्त्यावरून वर्तुळमार्गाचा उड्डाणपूल नेण्यात आला आणि रस्त्याचे दोन तुकडे झाले. ज्या रस्त्याचा चेहरा सर्वांनी मिळून उजळविला, त्या रस्त्याचे भवितव्य मात्र वाहतुकीच्या स्वतंत्र आराखड्याने ठरविले. दर्शनी सुधारणा आणि नगरनियोजन यांची फारकत झाली तर काय घडते, याचे हे बोलके उदाहरण आहे.

अमेरिकेत याच प्रश्नास वेगळ्या बाजूने हात घालण्यात आला. तेथील नॅशनल ट्रस्ट फॉर हिस्टॉरिक प्रिझर्व्हेशन या संस्थेने १९७७ मध्ये गेल्सबर्ग, मॅडिसन आणि हॉट स्प्रिंग्ज या तीन लहान गावांत ‘मेन स्ट्रीट’ हा प्रायोगिक कार्यक्रम हाती घेतला. १९८० पासून त्यास राष्ट्रीय स्वरूप आले. संघटन, प्रसार, रूपरचना आणि आर्थिक पुनर्मांडणी अशी या कार्यक्रमाची चार अंगे आहेत. यांत रूपरचना हे चारपैकी एक अंग आहे, ही बाब ध्यानात घेण्याजोगी आहे. आपल्याकडील सुशोभीकरणात नेमके तेच एक अंग शिल्लक राहते. ज्या कामाची मोजमापे घेता येतात आणि निविदा काढता येते, तेवढेच काम प्रशासनाच्या दृष्टीस पडते. दुकानदारांचे संघटन किंवा रिकाम्या गाळ्यात नवा व्यवसाय आणणे या गोष्टींना अंदाजपत्रकात रकाना नसतो.

दादाभाई नौरोजी मार्ग : पूर्वपीठिका

सर बार्टल फ्रियर हे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांच्या कारकीर्दीत किल्ल्याचा तट पाडण्यात आला आणि मोकळ्या झालेल्या जागेवर नवी मुंबानगरी आकारास आली. त्यातून निर्माण झालेला हॉर्नबी रोड म्हणजेच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग होय. क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरापासून हुतात्मा चौकापर्यंत सुमारे मैलभर पसरलेल्या या रस्त्यावर रेल्वे टर्मिनस, महानगरपालिकेची इमारत, जे. जे. कला महाविद्यालय, जे. एन. पेटिट वाचनालय, वाच्छा अग्यारी अशा भिन्न शैलींच्या वास्तू उभ्या आहेत. त्यांना एकत्र बांधणारे सूत्र म्हणजे तळमजल्यावरील सलग कमानींचा छताखालचा पादचारी मार्ग. १८९६ च्या नियमांनी प्रत्येक इमारतमालकास असा मार्ग ठेवणे बंधनकारक केले होते.

या तरतुदीचे मर्म समजून घेतले पाहिजे. इमारत खासगी, तिची शैली मालकाच्या पसंतीची. परंतु तिच्या पायथ्याचा ठराविक पट्टा ऊन-पावसात चालणाऱ्या कोणाही माणसाचा. मालकाने सोडलेल्या या जागेमुळे ग्राहक दुकानाच्या दारापर्यंत कोरडा पोहोचतो. म्हणजेच सार्वजनिक सोय आणि व्यापारी हित यांची सांगड एका नियमाने घातली गेली. रस्त्याचे सौंदर्य हे या सोयीतून आलेले फळ होते.

प्रकल्पाचे यश

१९९५ मध्ये मुंबईत वारसा नियमावली लागू झाली आणि या रस्त्यास वारसा रस्ता म्हणून संरक्षण मिळाले. मात्र तोपर्यंत कमानींवर मोठमोठे फलक चढले होते आणि दगडी कोरीवकाम त्यांच्या आड गेले होते. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या वारसा संवर्धन सोसायटीच्या पुढाकाराने १९९८ पासून वास्तुसंवर्धनतज्ज्ञ आभा नारायण लांबा यांनी या रस्त्याचा अभ्यास केला. प्रत्येक इमारतीचे दर्शनी रेखांकन करून फलक कोठे, किती आकाराचा आणि कशा प्रकारचा असावा याची मार्गदर्शिका तयार झाली. दिवे, बाके, कचरापेट्या यांचेही नमुने ठरविण्यात आले. रस्त्यावरील व्यापारी व रहिवासी यांची ‘हेरिटेज माइल असोसिएशन’ ही संघटना उभी राहिली. २००४ साली युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत या प्रकल्पाची दखल घेतली गेली. त्याच वर्षी रस्त्याच्या उत्तर भागातील रेल्वे टर्मिनस जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले, हा योगही उल्लेखनीय आहे.

या प्रकल्पाचे यश तीन बाबींत आहे. पहिली, नवे काही चिकटविण्याऐवजी आड आलेले काढून टाकण्यावर त्याचा भर होता; त्यामुळे खर्च मर्यादित राहिला. दुसरी, दुकानाचा फलक नष्ट न करता त्यास कमानीच्या आत योग्य जागा देण्यात आली. व्यापाऱ्यास आपले नाव दिसावेसे वाटते, ही रास्त गरज मान्य करूनच नियम बेतला गेला. तिसरी, व्यापाऱ्यांचा सहभाग केवळ सूचना-हरकतींपुरता न राहता संघटनेच्या रूपाने टिकविण्याचा प्रयत्न झाला. सक्तीच्या कारवाईने एका दिवसात फलक उतरविता येतात. परंतु ते पुन्हा चढू नयेत यासाठी शेजारच्या दुकानदाराचे मत लागते.

प्रकल्पाच्या मर्यादा

असे असले तरी, या प्रयोगाकडे आदर्श म्हणून पाहताना त्याच्या मर्यादांकडे डोळेझाक करता येत नाही.

पहिली मर्यादा फेरीवाल्यांच्या प्रश्नाची. कमानींखालील पादचारी मार्ग हा केवळ चालण्याचा मार्ग नव्हे. तो शेकडो पथारीवाल्यांच्या उपजीविकेचाही आधार आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या सोदन सिंग खटल्यात रस्त्यावरील व्यापार हा वाजवी निर्बंधांच्या अधीन राहून मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. पुढे २०१४ च्या पथविक्रेता अधिनियमाने सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत विक्रेत्यास हटविण्यास मनाई केली. नगर पथविक्रेता समितीत विक्रेत्यांचे प्रतिनिधी ४० टक्क्यांहून कमी नसावेत आणि त्यांपैकी एकतृतीयांश महिला असाव्यात, अशी तरतूद केली. दुसऱ्या बाजूस, सप्टेंबर २०१७ मधील एल्फिन्स्टन रोड स्थानकावरील चेंगराचेंगरीनंतर मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रेल्वे स्थानकापासून १५० मीटरपर्यंत फेरीवाल्यांना मनाई असल्याचे स्पष्ट केले. देशातील सर्वाधिक गर्दीच्या स्थानकांपैकी एकाच्या दारातून जाणाऱ्या या रस्त्यावर हे दोन्ही दंडक एकाच वेळी लागू पडतात. इमारतीच्या दर्शनी भागासाठी सूक्ष्म रेखांकन झाले. तिच्या पायथ्याशी बसणाऱ्या विक्रेत्याच्या जागेसाठी मात्र तितके सूक्ष्म रेखांकन झालेले नाही. सौंदर्याच्या आराखड्यात ज्याला जागा नसते, तो माणूस पुढे ‘अतिक्रमण’ या शीर्षकाखाली येतो.

दुसरी मर्यादा भाडेपद्धतीची. जुन्या व्यापारी इमारतींची दुरवस्था सौंदर्यदृष्टीच्या अभावाने झालेली नाही. गोठलेल्या भाड्यामुळे मालकास दुरुस्ती परवडत नाही आणि हक्क जाईल या भीतीने भाडेकरू दुरुस्तीस हात घालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला. त्याने बँका, बहुराष्ट्रीय कंपन्या तसेच एक कोटी वा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडे नियंत्रणाच्या संरक्षणातून वगळले. परिणामी एकाच इमारतीत बाजारभावाने भाडे देणारी कंपनी आणि जुन्या पागडीचा छोटा दुकानदार शेजारी-शेजारी नांदू लागले. रस्ता जसजसा देखणा होतो, तसतसा मालकाचा ओढा पहिल्याकडे वळणे स्वाभाविक आहे. मार्गदर्शिका फलकाचा आकार ठरवू शकते. फलकामागचा व्यवसाय टिकेल की नाही, हे ठरविणे तिच्या कक्षेत येत नाही.

तिसरी मर्यादा प्रातिनिधिकतेची. ज्या रस्त्यावर मोठ्या संस्था व प्रतिष्ठित पेढ्या आहेत, तेथे वर्गणी, तज्ज्ञ आणि वृत्तपत्रांचे लक्ष या तिन्ही गोष्टी मिळू शकतात. तालुक्याच्या गावी त्या गृहीत धरता येणार नाहीत. म्हणून या प्रकल्पाची नक्कल न करता त्याची पद्धत तेवढी उचलावी लागेल.

पुण्याचा अनुभव

पुणे महानगरपालिकेने २०१६ मध्ये पादचारी धोरण व शहरी रस्ते आरेखनाची मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली आणि त्यांनुसार जंगली महाराज रस्त्याची पुनर्रचना हाती घेतली. या रस्त्याचा पूर्वेतिहास सर्वश्रुत आहे. १९७० च्या दशकात बांधलेला हा रस्ता दीर्घकाळ खड्ड्यांविना टिकला. पुनर्रचनेत रुंद पदपथ, बाके, झाडांभोवतीची बसण्याची जागा आणि सायकल मार्ग यांना स्थान मिळाले. दादाभाई नौरोजी मार्गावर इमारतीचा दर्शनी भाग केंद्रस्थानी होता, तर येथे दोन दर्शनी भागांमधील जमीन केंद्रस्थानी आली. माणूस रेंगाळेल तेथे व्यापार होईल, हे या रचनेमागील गृहीतक मूलतः योग्य आहे. तथापि पदपथावर दुचाकी चढणार नाही याची दक्षता आणि वाहनतळाचे शुल्क हे दोन प्रश्न आरेखनाच्या बाहेरचे असून त्यांवरच अशा रचनेचे यश अवलंबून असते. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या वाहनतळ धोरणाची अंमलबजावणी रखडल्याने ही उणीव अधिक जाणवते.

११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांस बंद ठेवून ‘पादचारी दिन’ पाळण्यात आला. कायमचे बांधकाम करण्यापूर्वी एका दिवसाचा प्रयोग करून व्यापारी व ग्राहक यांचा प्रतिसाद पाहणे ही अल्प खर्चाची आणि चूक सुधारण्यास वाव देणारी पद्धत आहे. लहान नगरपरिषदांना ती अधिक मानवणारी आहे.

उमरग्याच्या संदर्भात

मराठवाड्यातील गावांना बाजारपेठेच्या नियोजनाची परंपरा नाही, असा समज करून घेण्याचे कारण नाही. लातूरची गंजगोलाई हे याचे उत्तम उदाहरण होय. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यानुसार १९१७ मध्ये उभारलेल्या या वर्तुळाकार दुमजली वास्तूस १६ रस्ते येऊन मिळतात. मध्यभागी अंबाबाईचे मंदिर आहे, आणि सोने, पादत्राणे, मिरची, गूळ अशा मालांचे बाजार त्या-त्या रस्त्यावर विभागलेले आहेत. येथेही हॉर्नबी रोडप्रमाणेच व्यापाराची सोय हा मूळ हेतू असून रूप त्यामागून आलेले आहे. उमरग्यासाठी संदर्भबिंदू शोधताना मुंबईइतकेच लातूरकडे पाहणे उचित ठरेल.

तथापि उमरग्यासारख्या महामार्गावरील गावाचे प्रश्न काही बाबतींत वेगळे आहेत. त्यांपैकी चार येथे नोंदविता येतील.

एक, रस्त्याच्या मालकीचा प्रश्न. राष्ट्रीय महामार्गाची जमीन व तीवरील वाहतूक २००२ च्या स्वतंत्र केंद्रीय अधिनियमाच्या कक्षेत येते. त्यामुळे महामार्गाच्या हद्दीत नगरपरिषदेस बाके किंवा पदपथ स्वतःच्या अखत्यारीत करता येत नाहीत. गावास वळणरस्ता मिळून जुना तुकडा हस्तांतरित झाला, तर अधिकाराचा प्रश्न सुटतो. परंतु वाटसरू ग्राहक दुरावतो. म्हणजे ज्या क्षणी रस्ता सुधारण्याचा अधिकार हाती येतो, त्याच क्षणी त्या रस्त्याच्या व्यापाराचा एक आधार निसटतो. खानावळी, टायर व दुरुस्तीची दुकाने यांना हा फटका प्रथम बसतो. म्हणून अशा हस्तांतराच्या वेळी केवळ डांबरीकरणाची तरतूद पुरेशी नाही. वाटसरूऐवजी तालुक्यातील गावांचा ग्राहक त्या रस्त्यावर थांबेल, अशी पुनर्मांडणी आवश्यक आहे.

दोन, सुरक्षिततेचा प्रश्न. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपात लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे ८,००० माणसे मृत्युमुखी पडली. लोहारा तालुका स्वतंत्र होण्यापूर्वी सास्तूर परिसर उमरगा तालुक्यातच मोडत होता. मातीत रचलेल्या दगडाच्या जाड भिंती आणि जड छते हे जीवितहानीचे प्रमुख कारण ठरले. अशा प्रदेशात जुन्या दुमजली दुकानाच्या दर्शनी भागावर रंग किंवा धातूचे पत्रे चढविणे म्हणजे भिंतीतील भेगा दृष्टीआड करणे होय. रंगाच्या आधी भिंतीची तपासणी, हा क्रम येथे सौंदर्यशास्त्राचा नसून जीविताचा आहे. वारसा म्हणून जतन करण्याजोगी लाकडी तुळई, कोरीव तीर किंवा दगडी चौकट असल्यास ती बळकटीकरणासह जतन करता येईल.

तीन, पुनर्वसनाचा अनुभव. भूकंपानंतर ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. रुंद, सरळ, काटकोनात छेदणाऱ्या रस्त्यांची ही रचना कागदावर शिस्तबद्ध होती. परंतु जुन्या गल्ली, ओटा, पार यांच्याभोवती चालणारा व्यवहार तिच्यात सहज सामावला नाही. पुढे रहिवाशांनी आपल्या सोयीने त्यात बदल केले. वापरणाऱ्यास न विचारता केलेली रचना वापरणारा मागाहून दुरुस्त करतो आणि त्यास प्रशासन अतिक्रमण म्हणते, हा धडा याच परिसराने घेतलेला आहे. दुकानापुढचा ओटा हटवावयाचा की त्यास पदपथाचा भाग मानावयाचे, हा निर्णय या अनुभवाच्या प्रकाशात घ्यावयास हवा.

चार, भाडेकरूंचा प्रश्न. हैदराबाद राज्यातून आलेल्या भागासाठीचा १९५४ चा घरभाडेविषयक कायदा १९९९ च्या अधिनियमाने रद्द केला. नव्या अधिनियमाने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ अनुज्ञेय केली असली, तरी पायाभूत भाडे अत्यल्प असेल तेथे या वाढीने दुरुस्तीचा खर्च निघत नाही. मालक व भाडेकरू यांच्यात खर्चाच्या वाटणीचा लेखी करार आणि दुरुस्तीमुळे भाडेकरूचा हक्क बाधित होणार नाही अशी हमी, या दोन गोष्टी घडवून आणण्यात नगरपरिषद व व्यापारी संघटना यांना मध्यस्थाची भूमिका घेता येईल. त्यासाठी लागणारा खर्च कमानीच्या खर्चाहून कमी आहे.

लहान शहरांच्या विकासाच्या शासकीय योजनांचा इतिहासही येथे ध्यानात घ्यावा लागतो. १९७९-८० मध्ये लहान व मध्यम शहरांच्या एकात्मिक विकासाची केंद्रीय योजना सुरू झाली. नगरपरिषदेस उत्पन्न मिळावे या हेतूने अशा योजनांमधून व्यापारी संकुले उभारण्यावर भर राहिला. २००५ मध्ये तिची जागा नव्या योजनेने घेतली आणि भर पाणीपुरवठा व मलनिस्सारण यांसारख्या मोठ्या कामांकडे वळला. दोन्ही टप्प्यांत जुन्या बाजाररस्त्याची देखभाल हा विषय मागे पडला. नवे संकुल बांधणे हा विकास, आणि जुने दुकान दुरुस्त करणे ही मालकाची खासगी बाब, अशी ही विभागणी आहे. हॉर्नबी रोडच्या १८९६ च्या नियमाने नेमकी हीच विभागणी नाकारली होती.

निष्कर्ष

दादाभाई नौरोजी मार्गाचा प्रयोग सुशोभीकरणाच्या रूढ कल्पनेपेक्षा निश्चितच पुढचा आहे. त्याने भर घालण्याऐवजी आड आलेले दूर केले, व्यापाऱ्यास सहभागी करून घेतले आणि प्रत्येक इमारतीचा स्वतंत्र विचार केला. परंतु त्याची दृष्टी मुख्यतः दर्शनी भागावर स्थिरावली. फेरीवाला व जुना भाडेकरू हे त्या दृष्टीच्या कडेला राहिले. पुण्याच्या प्रयोगांनी जमिनीकडे लक्ष वळविले. तथापि व्यवस्थापनाची बाजू लंगडी राहिली. उमरग्यासारख्या गावाने या दोहोंतून घ्यावयाचा बोध असा की, आधी रस्त्यावर कोण उभे आहे याची मोजणी, मग इमारतींची सुरक्षा-तपासणी, मग एका दिवसाचा किंवा एका आठवड्याचा प्रायोगिक बदल आणि सर्वांत शेवटी बांधकाम व रंगरंगोटी, असा क्रम असावा. प्रचलित पद्धतीत हा क्रम नेमका उलटा असतो.

यापैकी पहिली पायरी महाविद्यालयांच्या आवाक्यातील आहे. भूगोल, अर्थशास्त्र, वाणिज्य आणि समाजशास्त्र या विभागांनी आपल्या गावच्या मुख्य रस्त्याची दुकानवार व विक्रेतावार नोंद दर पाच वर्षांनी केली, तर २०१४ च्या अधिनियमास अपेक्षित असलेल्या सर्वेक्षणास तिची पूरक मदत होईल आणि नगरपरिषदेपुढे अंदाजपत्रकाबरोबर वस्तुस्थितीही मांडली जाईल. भाजी विकणाऱ्या बाईची जागा त्या नकाशावर आधीच दाखविली असेल, तर पदपथ रेखाटताना तिला वगळणे कोणासही सोपे जाणार नाही.